तंजावरचे शहाजीराजे (इ.स. १६८४–१७१२) : एका मराठी वाग्गेयकाराचा पुनर्विचार

प्रस्तावना :

पहिले मराठी नाटक कोणते, हा प्रश्न मराठी नाट्येतिहासात वारंवार विचारला गेला आहे. सांगली येथे ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सादर झालेल्या विष्णुदास भावे यांच्या 'सीता स्वयंवर' या नाटकाला तो मान सामान्यतः दिला जातो. त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी, म्हणजे इ.स. १६९० च्या आसपास, तंजावरचे मराठा राजे शहाजी यांनी 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठी नाटक रचले होते, याकडे दुसरा पक्ष लक्ष वेधतो. या वादाच्या निमित्ताने शहाजीराजांचे नाव पुढे येते आणि वाद मिटला की मागे पडते. ज्या गृहस्थाने तेलुगू, मराठी, संस्कृत व हिंदी या भाषांत रचना केली, ज्याच्या नावावर रागांचे लक्षण सांगणारा ग्रंथ आहे, ज्याची पदे तिरुवारूरच्या देवालयासाठी रचली गेली, त्याचे मराठीतील स्थान 'आद्य नाटककार असावा किंवा नसावा' एवढ्यापुरते उरले आहे.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की शहाजीराजांकडे प्रथम संगीतरचनाकार म्हणून पाहावयास हवे. कर्नाटक संगीताच्या परंपरेत अशा रचनाकारास 'वाग्गेयकार' म्हणतात. हा शब्द दक्षिणेत आज प्रचलित असला तरी त्याची शास्त्रीय व्याख्या ज्या ग्रंथामुळे सर्वमान्य झाली तो ग्रंथ मराठवाड्यात लिहिला गेला, हे येथे मुद्दाम नोंदविले पाहिजे. देवगिरीच्या यादव सिंघणाच्या (कारकीर्द सुमारे इ.स. १२१० ते १२४७) आश्रयास असलेल्या शारंगदेवाने 'संगीतरत्नाकर' या ग्रंथात वाग्गेयकाराचे लक्षण सांगितले आहे. गीताच्या शब्दांगास तो 'मातू' म्हणतो आणि स्वरांगास 'धातू'. या दोन्हींचा जो कर्ता तो वाग्गेयकार. पुढे तो प्रतवारीही लावतो. ज्याचा धातू सरस पण मातू दुबळा, तो मध्यम. ज्याचा मातू रमणीय पण धातू मंद, तो अधम. शब्द कितीही सुंदर असले तरी चाल नसेल तर रचनाकार खालच्या पायरीवर, असा हा रोखठोक निवाडा आहे.

शहाजीराजांच्या मराठी नाटकांचे आपण जे वाचन केले ते मातूचे वाचन आहे. धातूकडे आपण पाहिलेच नाही.

वेरूळचे घराणे, कावेरीचे खोरे :

शहाजीराजांचे घराणे मूळचे वेरूळचे. वेरूळच्या मालोजी भोसल्यांचे पुत्र शहाजी, त्यांचे तुकाबाईपासून झालेले पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी. छत्रपती शिवाजी महाराजांचे हे सावत्र बंधू. विजापूरच्या आदिलशाहीचे सरदार म्हणून ते दक्षिणेत उतरले आणि इ.स. १६७५-७६ च्या सुमारास तंजावरचे अधिपती झाले. व्यंकोजी व दीपाबाई यांचे पुत्र शहाजी यांचा जन्म इ.स. १६७२ चा. आजोबांचेच नाव नातवास मिळाल्यामुळे इतिहासग्रंथांत काहीसा घोटाळा होतो. तंजावरच्या परंपरेत यांना 'शाहराज' किंवा 'शाहेंद्र' म्हटले जाते, आणि काही लेखक 'दुसरे शहाजी' असे लिहितात. इ.स. १६८४ मध्ये वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास ते गादीवर आले आणि इ.स. १७१२ पर्यंत त्यांनी राज्य केले.

काळ काही स्वस्थतेचा नव्हता. जिंजीच्या किल्ल्यात राजाराम महाराज होते आणि मोगल फौजेचा वेढा इ.स. १६९८ पर्यंत चालू होता. तंजावरने राजारामांस साहाय्य केले आणि त्याची किंमत मोगलांना खंडणी देऊन मोजली. मदुरा व रामनाद यांच्याशी खटके उडत राहिले. अशा धामधुमीत इ.स. १६९३ मध्ये शहाजीराजांनी कुंभकोणमजवळील तिरुविसैनल्लूर हे गाव शेहेचाळीस विद्वानांस दान दिले आणि त्याचे नाव 'शाहजीराजपुरम्' ठेवले. तेथे राहणाऱ्या श्रीधर वेंकटेश या कवीने राजावर 'शाहेंद्रविलास' हे संस्कृत काव्य रचले. पुढे डॉ. व्ही. राघवन् यांनी ते संपादून प्रसिद्ध केले.

परंतु या दरबारात मराठे कोणत्या परंपरेचे वारस झाले, हे पाहिल्याशिवाय शहाजीराजांची रचना समजणार नाही. तंजावरच्या नायक राजांची दरबारी भाषा तेलुगू होती. रघुनाथ नायकाच्या पदरी गोविंद दीक्षित होते. त्यांचे पुत्र व्यंकटमखी यांनी 'चतुर्दण्डीप्रकाशिका' हा ग्रंथ लिहून बहात्तर मेळांची चौकट मांडली. रघुनाथाचा पुत्र विजयराघव नायक स्वतः यक्षगाने लिहीत असे. शृंगारपदांचा प्रसिद्ध कर्ता क्षेत्रय्या याच काळातला. गाणे, नृत्य आणि नाट्य एकत्र गुंफलेले यक्षगान हे दरबाराचे आवडते रूप होते आणि ते तेलुगूत होते. विजयराघव इ.स. १६७३ मध्ये मारला गेला. त्याचे राज्य गेले, पण वादक, नर्तकी, कवी आणि ऐकणारे कान तेथेच राहिले. वेरूळच्या भोसल्यांना तंजावरच्या किल्ल्याबरोबर हे सारे मिळाले. व्यंकोजींच्या नावावर तेलुगू द्विपद रामायण सांगितले जाते. म्हणजे पहिल्याच पिढीने ही भाषा आपली मानली होती.

मराठी राजाने तेलुगूत का लिहावे, असा प्रश्न पुणेरी वाचकास पडू शकतो. मराठवाड्यातील वाचकास तो तितका अवघड वाटू नये. देगलूर, बिलोली, धर्माबाद या भागांत मराठीइतकीच तेलुगू कानावर पडते. उदगीर, देवणी, निलंग्याकडे कन्नड. एका भाषेत व्यवहार, दुसरीत बोलणे आणि तिसरीत भजन ही येथील अनेक घरांची रीत आहे. शहाजीराजांच्या बाबतीत हे वाटप अधिक काटेकोर दिसते. देवापुढील पदे आणि पालखीसेवा तेलुगूत, रागांचे लक्षण तेलुगूत, पुराणकथांची अनेक नाटके मराठीत, 'राधा बंसीधर विलास' व 'विश्वातीत विलास' ही दोन नाटके हिंदीच्या व्रज वळणात. 'पंचभाषाविलास' या नाटकात तर निरनिराळ्या देशांच्या राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात. भाषा येथे वेषभूषेसारखी पात्राबरोबर येते. दरबारात बसलेल्या प्रेक्षकास या पाचही भाषा कमी-अधिक कळत असल्याशिवाय अशा नाटकाची गंमत राहणार नाही, हे उघड आहे.

त्यागेशाची पदे आणि पालखी :

शहाजीराजांचे आराध्यदैवत तिरुवारूरचे त्यागराज, म्हणजे शिव. ही सोमास्कंद मूर्ती आहे: शिव, उमा आणि मध्ये बाळ स्कंद. एरवी मूर्तीचे मुखच तेवढे दिसते, बाकीचे अंग वस्त्रालंकारांनी झाकलेले असते. देव मिरवणुकीस निघतो तेव्हा वाहणारे विशिष्ट डौलात पावले टाकतात आणि मूर्ती डोलते. त्यास 'अजपा नृत्य' म्हणतात. विष्णूच्या हृदयावर ही मूर्ती होती आणि त्याच्या श्वासाबरोबर ती हलत असे, अशी कथा आहे. पाच तोंडांचे 'पंचमुखवाद्य' हे या देवालयाचे खास वाद्य. देवच नाचणारा असल्यामुळे येथे संगीत हे पूजेचे अंगच होते.

या देवास उद्देशून शहाजीराजांनी मोठ्या संख्येने तेलुगू पदे रचली. त्यांत 'त्यागेश' ही मुद्रा येते. या पदांची नायिका देवाच्या विरहाने व्याकूळ आहे, कधी ती रुसते, कधी सखीकडून निरोप पाठविते, कधी सवतीवरून टोमणा मारते. घाट क्षेत्रय्याच्या पदांचा आहे. फरक इतकाच की तेथे गोपाल होता, येथे शिव आहे. पदाच्या विलंबित गतीत एकाच ओळीवर नर्तकीने अनेक प्रकारे अभिनय करावयाचा असतो. तेव्हा ही पदे लिहिणारा माणूस गाणारा गळा आणि नाचणारे अंग दोन्ही डोळ्यांसमोर ठेवून लिहीत होता, असे मानावे लागते. मराठी लावणीच्या अभ्यासकांनी या पदांकडे पाहिले तर त्यांस बरेच काही सापडेल, हे जाता जाता सांगावेसे वाटते.

'पल्लकी सेवा प्रबंधम्' ही त्यांची सर्वांत ख्यात रचना. विषय अगदी साधा आहे. गौरी आपल्या सख्यांस शिवाला पालखीतून घेऊन येण्यास पाठविते. त्या जातात, विनवितात, देवास पालखीत बसवून आणतात, सेवा होते. कथानक म्हणावे असे काही नाही. सारा भर दरुंवर, म्हणजे गेय संवादांवर व प्रवेशगीतांवर आहे. देवळात रोज घडणारा उपचार येथे गाण्याच्या रूपाने घडतो. मंदिरातील गणिकांच्या घराण्यांनी ही रचना पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. विसाव्या शतकाच्या मध्यास प्रा. पी. सांबमूर्ती यांनी तिचे संपादन केले. शहाजीराजांच्या सर्व रचनांत हिचे भाग्य वेगळे ठरले, कारण गाणाऱ्यांच्या कंठात ती राहिली. शंकराबरोबरच विष्णूसाठीही त्यांनी अशीच पालखीसेवा रचली होती.

या भक्तीला दुसरी, बोचरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे अभ्यासकास शोभणार नाही. 'सतीदानशूरमु' या तेलुगू यक्षगानात मोरोभट्लु नावाचा ब्राह्मण मन्नारगुडीच्या उत्सवास जातो आणि एका अस्पृश्य स्त्रीवर लुब्ध होतो. शास्त्र सांगणाऱ्या ब्राह्मणाचे शास्त्र गळून पडते. ज्याला कोणी प्रतिष्ठा देत नाही असा त्या स्त्रीचा नवरा दानशूर ठरतो. नाव पाहावे: मोरोभट. हे नाव तेलुगू नव्हे, अस्सल मराठी आहे. नव्या राज्याबरोबर मराठी भट-भिक्षुक मंडळी कावेरीकाठी आली होती, आणि राजा त्यांच्यापैकीच एकास नाटकात आणून सर्वांसमक्ष हसत होता. शेहेचाळीस विद्वानांस गाव देणारा आणि मोरोभटाची फजिती गाणारा राजा एकच आहे. यावरून त्या दरबाराच्या मोकळेपणाविषयी फार मोठे अनुमान काढू नये. अस्पृश्य पात्र येथे विनोदाचे साधन म्हणूनही वापरले गेले आहे. तरीही अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर असा विषय राजाच्या लेखणीतून उतरावा ही नोंद घेण्याजोगी बाब आहे.

मराठी नाटके : मातू आणि धातू

शहाजीराजांच्या मराठी नाटकांची संख्या अभ्यासक वीस-बावीस सांगतात. 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे त्यांतील सर्वांत परिचित. शीर्षकातील 'कल्याण' या शब्दाने मराठी वाचकाची दिशाभूल होऊ नये. दक्षिणेत कल्याण म्हणजे विवाह. लक्ष्मी आणि नारायण यांचे लग्न, एवढाच या नाटकाचा विषय.

आधुनिक नाटक वाचण्याची सवय असलेला वाचक ही संहिता उघडतो तेव्हा त्याची निराशा होते. प्रसंग ठरीव आहेत. सूत्रधार येतो, गणपती येतो, भालदार येऊन वर्दी देतो, पात्र आपल्या प्रवेशाचे वर्णन करणाऱ्या पदासह रंगमंचावर येते, प्रश्नोत्तरे होतात, पुन्हा पद. गद्य थोडे, तेही दोन पदांस जोडण्यापुरते. स्वभावचित्रण नाही, संघर्ष नाही. म्हणून 'बाळबोध' असा शेरा मारून ग्रंथ बाजूला ठेवण्याचा मोह होतो. ऐतिहासिक महत्त्व मान्य, वाङ्मयीन महत्त्व बेताचे, अशी वाटणी करून आपण मोकळे होतो.

तथापि पदांच्या डोक्यावर जे दोन शब्द लिहिलेले असतात, त्यांकडे आपली दृष्टी जात नाही. ते रागाचे नाव आणि तालाचे नाव असतात. यक्षगानाच्या संहितेत हे शब्द शोभेचे नसतात. पात्राचा भाव, प्रवेशाची गती, नर्तकाचे पाऊल या सर्वांची सूचना त्या दोन शब्दांत असते. लेखकाने स्वभावचित्रण केले नाही असे आपण म्हणतो तेव्हा ते त्याने रागाच्या निवडीतून केले नसेल कशावरून? कागदावर सपाट वाटणारी ओळ एखाद्या करुण रागात, सावकाश चालीत गायिली गेली असेल तर तिचा अर्थच पालटतो. 'ये' हा एक शब्द विनवणीचा आहे की हुकुमाचा, हे चाल सांगते.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. भावे यांच्या 'सीता स्वयंवर'ची प्रेरणाही याच कुळातील आहे. कारवार किनाऱ्याकडील भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या पटवर्धनांच्या दरबारी झाले आणि तशा धर्तीचे मराठी खेळ करण्याचे काम चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांवर सोपविले. म्हणजे यक्षगानाचे रूप मराठीत दोनदा आले: एकदा कावेरीकाठी सतराव्या शतकात, पुन्हा कृष्णाकाठी एकोणिसाव्या शतकात. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला, आणि मराठी माणसाने नाटक व गाणे यांचे लग्न हा आपलाच शोध मानला. किर्लोस्करही गुर्लहोसूरचे, कन्नड मुलखाच्या सीमेवरचे, आणि त्यांच्या पदांत कर्नाटकी चालींचा वाटा होता हे सर्वश्रुत आहे. तेव्हा पहिले नाटक कोणते हा प्रश्न प्रस्तुत लेखकास फारसा फलदायी वाटत नाही. तंजावर आणि सांगली यांच्यात थेट नाते दाखविता येत नाही. पण दोघांचे मूळ एक आहे, आणि ते मूळ गाण्यात आहे.

आता अडचण सांगितली पाहिजे. हस्तलिखितात रागाचे नाव आहे, तालाचे नाव आहे, शब्द आहेत, स्वर नाहीत. त्या काळी चाल लिहून ठेवण्याची गरज नव्हती, कारण शिकविणारा आणि शिकणारा समोरासमोर बसत होते. पालखीसेवेची पदे मंदिराच्या परंपरेमुळे टिकली, मराठी नाटकांच्या मागे असे मंदिर उभे नव्हते. ती राजवाड्याच्या आश्रयाने झाली. इ.स. १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीराजांच्या मृत्यूनंतर तंजावरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. ताडपत्रे आणि कागद सरस्वती महालात सुरक्षित राहिले, पण गाणारी मंडळी पांगली.

रागलक्षण : हरवलेल्या चालींचा एक माग

शहाजीराजांच्या नावावर 'रागलक्षणमु' हा तेलुगू ग्रंथ आहे. डॉ. एस. सीता यांनी तो संपादित केला. तंजावरच्या संगीतपरंपरेवरील त्यांचा 'टँजोर अ‍ॅज अ सीट ऑफ म्युझिक' (१९८१) हा इंग्रजी प्रबंधही या विषयाच्या अभ्यासकास टाळता येणार नाही. मराठीत या ग्रंथाची चर्चा जवळजवळ झालेली नाही, म्हणून त्याचे स्वरूप थोडे विस्ताराने सांगतो.

व्यंकटमखींनी बारा स्वरस्थानांच्या गणितातून बहात्तर मेळ सिद्ध केले, पण त्यांच्या काळी प्रत्यक्षात गायिले जाणारे मेळ त्यांनी एकोणीसच सांगितले. गणित आणि गळा यांतील हे अंतर त्यांना ठाऊक होते. शहाजीराजांच्या ग्रंथाचा कल पूर्णपणे गळ्याच्या बाजूस आहे. प्रत्येक रागाचा मेळ सांगावयाचा, स्वर किती व कोणते वर्ज्य हे सांगावयाचे आणि लगेच तो राग प्रत्यक्षात कसा चालतो याचे स्वरसमूह द्यावयाचे. हे समूह ग्रंथकाराने कल्पनेने रचलेले नाहीत. ते त्या काळी प्रचलित असलेल्या आलाप, ठाय, गीत आणि सूळादी यांतून घेतलेले आहेत. अमुक स्वरावरून वर जाताना राग असा वळतो, उतरताना अमुक स्वर असा येतो, हे उदाहरणाने दाखविलेले आहे. आजच्या भाषेत बोलावयाचे तर हा रागांचा व्याकरणग्रंथ नसून प्रयोगकोश आहे. नियम सांगून थांबण्यापेक्षा वापर दाखविण्याची ही वृत्ती गाणाऱ्या माणसाची आहे.

बंधू सरफोजी यांच्यानंतर गादीवर आलेले तिसरे बंधू तुळजाजी (इ.स. १७२८ ते १७३६) यांनी संस्कृतात 'संगीतसारामृत' लिहिले. शास्त्रभागात ते शारंगदेवाचा आधार घेतात आणि रागाध्यायात मात्र तंजावरच्या चालू गायनातील प्रयोग देतात. वडील बंधूच्या ग्रंथाची वाट येथे स्पष्ट दिसते. देवगिरीच्या ग्रंथावर पंधराव्या शतकात विजयनगरच्या दरबारी कल्लिनाथाने टीका लिहिली, तेथून ती परंपरा तंजावरच्या नायकांकडे गेली, आणि वेरूळच्या भोसल्यांनी ती तेथे उचलली. देवगिरीचा किल्ला आणि वेरूळ यांत काही कोसांचे अंतर आहे. ग्रंथाला आणि घराण्याला एकमेकांची गाठ पडण्यास मात्र चार शतके आणि तमिळ देशापर्यंतचा प्रवास लागला. पुढे पं. विष्णु नारायण भातखंडे इ.स. १९०४ मध्ये दक्षिणेच्या दौऱ्यावर गेले, एट्टयपुरम् येथे सुब्बराम दीक्षितरांना भेटले आणि 'चतुर्दण्डीप्रकाशिका'ची प्रत मिळवून आले. हिंदुस्थानी रागांचे दहा थाट बसविताना मेळकल्पनेचा त्यांना उपयोग झाला.

आता मूळ मुद्दा. एकाच राजाच्या नावावर एकीकडे रागनामे असलेली मराठी नाटके आहेत आणि दुसरीकडे त्याच काळातील, त्याच दरबारातील त्या रागांचे प्रत्यक्ष स्वरप्रयोग देणारा ग्रंथ आहे. नाटकांचे अभ्यासक मराठी विभागात बसतात, रागलक्षणाचे अभ्यासक चेन्नईच्या संगीत विभागात. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचण्याचे काम राहून गेले आहे. 'लक्ष्मीनारायण कल्याण'मधील एखाद्या पदाच्या डोक्यावरील राग 'रागलक्षणमु'मध्ये शोधला, त्याचे प्रयोग पाहिले, आणि पदाच्या ओळीतील ऱ्हस्व-दीर्घ मात्रा तालाच्या आवर्तनावर मांडल्या, तर मूळ चाल मिळणार नाही हे खरे. पण ती कोणत्या वळणाने गेली असेल आणि कोणत्या वळणाने गेली नसेल, हे सांगता येईल. विशेषतः आज त्याच नावाने गायिला जाणारा राग तेव्हा वेगळ्या रूपात होता अशा ठिकाणी सावध राहावे लागेल. तीनशे वर्षांत रागांची नावे टिकली तरी अंगे बदललेली आहेत.

शहाजीराजांनंतर :

शहाजीराजे निपुत्रिक होते. त्यांच्या पश्चात जे घडले ते स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. येथे त्याचा ओझरता निर्देश पुरे. श्यामाशास्त्री (१७६२–१८२७), त्यागराज (१७६७–१८४७) आणि मुत्तुस्वामी दीक्षितर (१७७५–१८३५) हे कर्नाटक संगीताचे त्रिमूर्ती भोसल्यांच्याच राज्यात जन्मले, आणि तिघेही तिरुवारूरचे. त्यागराजांचे नाव त्याच देवावरून ठेवलेले आहे ज्याच्या नावाची मुद्रा शहाजीराजांनी आपल्या पदांत घातली. शहाजीराजांच्या दरबारातील कवी गिरिराज हे त्यागराजांचे आजोबा होते असेही एक मत आहे. मात्र अभ्यासकांत त्यावर एकमत नाही. दुसऱ्या सरफोजीराजांनी (इ.स. १७९८–१८३२) दरबारी येण्याचे दिलेले निमंत्रण त्यागराजांनी नाकारले, ही आख्यायिका दक्षिणेत घरोघर सांगितली जाते. आख्यायिकेत राजा खलनायक ठरतो, परंतु याच सरफोजीराजांच्या नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी 'निरूपणे' आहेत. एका कथेसाठी शब्द, वर्ण, पद, तिल्लाना असे नृत्यप्रकार क्रमाने योजलेले आणि सारे मराठीत. सरस्वती महालाने या रचना 'कोर्व्यांच्या साहित्याचे जिन्नस' या नावाने प्रसिद्ध केल्या आहेत. 'जिन्नस' हा शब्द किती घरगुती आहे! वाणसामानाच्या यादीतला शब्द नृत्याच्या प्रकारांस लावणारी ती तंजावरी मराठी होती. भरतनाट्यमच्या आजच्या क्रमाची घडी बसविणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू हे चार बंधू याच दरबाराच्या छायेतले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातून आलेल्या रामचंद्रबुवा मोरगावकरांचे कीर्तन ऐकून तंजावर कृष्ण भागवतर (१८४७–१९०३) यांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावे तेथील हरिकथेत आजही आहेत.

मराठी छंद अशा रीतीने कर्नाटक संगीतात उरले, पण शहाजीराजांची मराठी पदे उरली नाहीत. याचे कारण भाषेत शोधावे की आश्रयात, याविषयी दुमत होऊ शकते. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या कारणाकडे आहे. तेलुगू ही तमिळ देशातही परकीच भाषा होती. तरी तिच्यातील पदे टिकली, कारण देवळात, नर्तकीच्या घरी आणि भजनमठात ती शिकविली जात राहिली. मराठी नाटकास यांपैकी एकही आधार मिळाला नाही. हरिकथेतील साकी-दिंडी टिकली ती हरिदासांची शिष्यपरंपरा होती म्हणून.

वर सुचविलेल्या कामास मराठी जाणणारा, तेलुगू लिपी वाचू शकणारा आणि रागाची थोडीबहुत ओळख असलेला अभ्यासक हवा. पुण्या-मुंबईस असा विद्यार्थी शोधावा लागेल. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील गावांत मराठी शाळेत शिकलेली आणि घरी तेलुगू बोलणारी मुले वर्गात असतात. लिपी शिकण्यास त्यांना काही आठवडे पुरतील. सुरुवात एका नाटकापासून करता येईल. 'लक्ष्मीनारायण कल्याण'मधील पदांवरील राग-तालांची यादी करावी, ती 'रागलक्षणमु'शी व 'संगीतसारामृता'च्या रागाध्यायाशी ताडून पाहावी, आणि पहिल्या चार-पाच पदांच्या मात्रा मोजून दाखवाव्यात.